संबोधीचा चढलेला आकडा

माझ्या मशीनला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, पण त्या दिवशी मीच तिला शिव्या घातल्या. सोनाळ्याच्या देवानंदची दीड वर्षाची संबोधी चार दिवसांच्या जुलाबातून नुकतीच सावरली होती. डॉक्टरांनी खात्रीसाठी तिचं रक्त तपासायला संग्रामपूरला माझ्या लॅबमध्ये पाठवलं. बाकी सगळं ठीक, फक्त हाडांतून आणि यकृतातून रक्तात येणारं अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम चार हजार दोनशे! लहान पोरांत ते चारशेच्या आसपास असलं तरी चालतं. नमुना पातळ करून पुन्हा लावला. तेच. माझं स्वतःचं रक्त काढून लावलं, तर ऐंशी, मोठ्या माणसात असतं तेवढंच. मशीनची काही चूक नव्हती.

पोरगी बाकावर उभी राहून माझ्या पेनाचं टोपण चावत होती. आजारी लेकरू इतकं उद्योगी कसं, हे मला कळेना.

डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढला, कॅल्शियम पाहिलं. सगळं नीट. मग ते निवांत झाले. "लहान मुलांत कधी कधी हे असं चढतं, बऱ्याचदा जुलाब-सर्दीनंतर. दोन-तीन महिन्यांत आपोआप उतरतं. काही करू नका. दहा आठवड्यांनी पुन्हा तपासा."

काही करू नका म्हटल्यावर गप्प बसेल तो बाप कसला! तिसऱ्याच दिवशी देवानंद काळी बकरी घेऊन माझ्या दारात.

"तौसिफभाऊ, हिचं रक्त काढा."

"काऊन बे? जनावराचा दवाखाना आहे काय हा?"

"पोरगी हिचंच दूध पिते. अन् हे वेचणी झालेल्या बीटी पऱ्हाटीत चरते. त्याचंच जहर दुधात उतरून राह्यलं."

बीटी कपाशीची पानं खाऊन बकऱ्या दगावतात, अशी त्या हंगामात गावोगाव चर्चा होती. खरं-खोटं मला माहीत नव्हतं. सुई टोचून पाहायचा मोह मलाही झालाच, पण बकरीचा बरोबर आकडा किती, हे कोणाला ठाऊक? मी त्याला हाकललं. जाता जाता त्याने ठरवून टाकलं, संबोधीचं दूध बंद. मला फार वाईट वाटलं. त्या घरात दुसरं दूध येणार नव्हतं.

दहा आठवड्यांनी आकडा आला दोनशे नव्वद. देवानंद खुर्चीतून उठलाच.

"पाह्यलं? दूध बंद केलं अन् आकडा खाली! आता बाजारात बकरी इकूनच टाकतो."

त्याची बायको धम्मशीला माझ्या लॅबमध्ये आजवर एक शब्द बोलली नव्हती. तिने पोरीला कडेवर घेतलं.

"इकू नका," ती म्हणाली. "दूध बंद नव्हतंच. तुम्ही वावरात गेले की मी रोज वाटीभर पाजत होती."

आता इथेच भांडण पेटणार, असं मला वाटलं. पण देवानंद रिपोर्टकडेच पाहत राहिला.

"मंग हे उतरलं कसं?"

"आपोआप," मी म्हणालो. "कसं, ते डॉक्टरलेही पुरतं मालूम नाही."

पण मला दुसरंच कोडं पडलं होतं. "वहिनी, तुमाले भेव नाही वाटलं? दुधानं आकडा आणखीन चढला असता तं?"

"लय वाटलं," ती म्हणाली. "पण तिले भूक लागे नं."