भोपळ्यावर धरलेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. काड्या वाकलेली, कापड विटलेली आणि खरे सांगायचे तर थोडी जळकुकडी.

माझे मालक बस चालवायचे. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. घरापासून डेपोपर्यंत मी त्यांच्या डोक्यावर असे. "छत्री चांगली टिकली हो तुमची!" असे कोणी म्हटले की मी मनातल्या मनात फुलून जाई. काका निवृत्त झाले आणि मी दारामागच्या खिळ्याला लटकले.

एका उन्हाळ्यात काकांनी राक्षसी भोपळ्याचे बी आणले. त्यांनी आयुष्यात कोथिंबीरसुद्धा लावली नव्हती. दुपारी पानांनी माना टाकल्या की ते घाबरून बादल्या ओतत. पहिला वेल मुळाशी कुजलाच. रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी समजावले, "अहो, एवढ्या उन्हात पानं मलूल होणारच. संध्याकाळी ताठ झाली की समजा, ठीक आहे. वेलावर एकच फळ ठेवा आणि त्याला सावली करा."

सावली! काकांनी मला खिळ्यावरून काढले. मला वाटले, फिरायला निघालो. मित्रांनो, त्यांनी मला बांबूला बांधले आणि नारळाएवढ्या भोपळ्यावर उभे केले!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ऊन मी खायचे आणि लाड त्याचे! काका त्याच्या खाली वाळू पसरत, पाठीवरून हात फिरवत, "काय राजे, झोप झाली का?" असे विचारत. तो फुगत होता, मी विटत होते. माझ्यासारख्याच धुसफुसत होत्या फक्त काकू. खिडकीतून म्हणत, "माझं डोकं दुखतंय म्हटलं तर नुसतं 'हं' म्हणता. त्याच्या देठाला मुंगी चढली तर धावत सुटता!"

एका दुपारी काका बाजारात गेले होते. तापलेल्या वाऱ्याचा झोत आला, दोरी तुटली आणि मी कुंपणावर आपटले. भोपळा उघडा पडला. खोटे कशाला बोलू? मला बरे वाटले. भाजून निघ आता, म्हटले!

तेवढ्यात काकू अनवाणी धावत आल्या. त्यांनी मला उचलले आणि भोपळ्यावर धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या. काका परतले तेव्हा काकूंचा चेहरा लालबुंद झाला होता.

"अगं, तू कशाला उन्हात?"

"जीव लावलाय ना तुम्ही त्याला? मग सोडून कशी जाऊ?"

काकांनी त्यांना आत नेऊन पंख्याखाली बसवले, पाणी दिले. दुसऱ्या दिवसापासून आधी काकूंचा चहा आणि मग भोपळा, असा क्रम लागला. माझा नंबर मात्र कुठेच नव्हता.

भोपळा एवढा झाला की उचलायला चार माणसे लागली. सगळी गल्ली बघायला लोटली. फोटोच्या वेळी कोणीतरी म्हणाले, "ती फाटकी छत्री जरा बाजूला करा." पुढे तो कापला गेला, घरोघरी वाटला गेला. सुटले एकदाची, असे मला वाटले.

मग काकूंनी मला धुतले, फाटले होते तिथे टाके घातले आणि व्हरांड्यात उलटी उघडून ठेवले. माझ्या पोटात त्यांनी ओल्या बिया पसरल्या. ज्याच्यावर मी जळले, त्याचीच लेकरे माझ्या मांडीवर!

"हिला जपायला हवं," काका म्हणाले. "ही नसती तर तो करपला असता."

मित्रांनो, मोठ्या फळाचे कौतुक जरूर करा. पण त्याच्यावर उन्हात कोण उभे आहे, तेही मान वर करून बघत जा. हेवा अजून वाटतो मला. पण बिया सुकायच्या आहेत, म्हणून वारा आला तरी मी हलत नाही.