श्रावणातल्या सोमवारी अडलेली ठिणगी

मी सुंदरबाईंचे हृदय बोलत आहे. जळगावच्या पिंप्राळ्यातील या अडुसष्ट वर्षांच्या माउलीच्या छातीत, किंचित डाव्या अंगाला, मुठीएवढ्या देहाने माझी वस्ती आहे. सुंदरबाई स्वतःच्या आईच्या उदरात असतानाच माझे ठोक्यांचे नामस्मरण सुरू झाले. इतकी वर्षे ते अखंड चालले. आता त्यात खंड पडतो आणि मला भय वाटते.

माझे चार कप्पे. उजव्या वरच्या कप्प्याच्या माथ्यावर पेशींचा एक इवला पुंजका आहे. तेथे विजेची ठिणगी आपोआप उठते. ती पसरली की वरचे कप्पे आकसून रक्त खाली ओततात. खालचे पुरते भरावेत म्हणून ठिणगी मधल्या चौकीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग विसावते. मग ती खाली धावते. उजवा कप्पा फुफ्फुसांकडे आणि डावा सर्वांगाकडे रक्त ढकलतो. झडपा मिटतात, त्यांचाच तुम्हांला ऐकू येणारा धडधडाट. पुन्हा सैल व्हायचे, पुन्हा भरून घ्यायचे.

सुंदरबाई घाबरल्या की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलीन धाडतात आणि मी धावू लागतो. रक्ताचा भार वाढला तर मीही माझे संप्रेरक पाठवून मूत्रपिंडांना विनवतो, ‘मीठपाणी बाहेर टाका.’ अशी आमची निरोपांची ये-जा.

उन्हाळ्यापासून ती मधली चौकी थकली. एखादी ठिणगी तेथेच विझे आणि सुंदरबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. त्यांनी कुणाला सांगितले नाही. कळले तर घरचे श्रावणातल्या उत्सवात कानबाई देवीचा चौरंग डोक्यावर घेऊ देणार नाहीत, ही धास्ती.

देवीच्या विसर्जनाचा सोमवार उजाडला. सकाळच्या मिरवणुकीत चौरंग डोक्यावर, पुढे ढोल. ॲड्रेनलीनचा लोट आला. वर ठिणग्यांमागून ठिणग्या उठल्या, पण चौकीने एकही खाली सोडली नाही. दहा सेकंद माझे खालचे कप्पे निश्चल. सुंदरबाईंचे डोळे फिरले, अंगाला झटके आले.

“कानबाई माय अंगमा उनी!” त्यांचे दीर रूपचंद नाना ओरडले.

बायांनी चौरंग झेलला, सुंदरबाईंच्या कपाळी कुंकू फासले आणि दोन्ही दंडांना धरून त्यांना उभे ठेवले. देवी अंगात असताना देह भुईला टेकू द्यायचा नाही, अशी या घरची रीत.

“माय, आमनं काय चुकनं?” कुणी विचारले.

माझे खालचे कप्पे आता स्वतःच्या मंद चालीने कसेबसे आवळत होते. उभ्या देहात तेवढ्या बळावर मेंदूपर्यंत रक्त चढेना. मी आकांत करीत होतो, ‘आडवे करा हो!’ माझी भाषा कुणाला कळावी?

शेजारची यास्मिन दवाखान्यात परिचारिका आहे. ती गर्दीतून आत शिरली आणि तिने मनगट धरले.

“नाना, अक्कांना खाली निजवा.”

“देवीले कोनी भुईवर ठेवस का? पोरी, हाई तुले समजाव नही.”

“देवीचं नाही समजत, नाना. नाडीचं समजतं. मिनिटाला पंचवीस ठोकेसुद्धा नाहीत. ओठ बघा, निळे पडलेत!”

नानांनी ओठांकडे पाहिले. मग देवीपुढे कान धरून त्यांनी वहिनींचे मस्तक स्वतःच्या हातांनी भुईवर टेकवले.

आज मी दवाखान्यात, बाहेरून ठिणगी पुरवणाऱ्या एका तात्पुरत्या तारेच्या आधारावर आहे. पेसमेकर हे कायमचे यंत्र बसवायला सुंदरबाईंची सही हवी. त्या कागदाला हात लावीनात.

“माय अंगमा उनथी ना, नाना? मंग मशिन कसाले?”

नाना खाटेजवळ सरकले. “माय नही उनथी, वहिनी. तूच आमले सोडीसन चालनी व्हती. मीच चुकनू.”

सुंदरबाईंनी डोळे मिटले. मग पेन मागितले.

उद्या सकाळी ते यंत्र बसेल. ते मला आपले मानील की नाही, ठाऊक नाही. ही धाकधूक घेऊनच मी निरोप घेतो. एवढेच मागणे आहे: कुणाच्या अंगात आल्याचे दिसले तर हात अवश्य जोडा, पण जोडण्यापूर्वी त्यांतली दोन बोटे त्या मनगटावर ठेवून पाहा.