मुदतवाढ

शाळेच्या ग्रंथालयाला नव्या पुस्तकांसाठी अनुदान मिळालं. पण अजून तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू या; कारण त्या सकाळी शूबाई शिडीवर उभ्या राहून वरची फळी पुसत होत्या आणि अनुदानाचा अजून पत्ता नव्हता.

शूबाई म्हणजे ग्रंथपालबाई. वाचनकक्षात त्या "शूऽ" याखेरीज काही बोलत नाहीत, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. त्यांची मुलगी याच शाळेत दहावीला होती. लाडात आली की तीही घरी आईला शूबाईच म्हणायची.

"बाई, जरा खाली या," हेडसर दारातून म्हणाले. "उद्या तपासणीला साहेब येतायत. एक जरी पुस्तक बाहेर असलं तरी अनुदान नाही म्हणे. सगळी आत हवीत."

"सगळी आत असली तर ते ग्रंथालय कसलं, सर? गोदाम झालं."

"हे त्यांच्यासमोर बोलू नका."

शिडी धरून उभे असलेले शिपाईकाका म्हणाले, "नवी पुस्तकं यायलाच हवीत, सर. आपल्याकडे अजून नऊ ग्रह आहेत. एक कमी केला म्हणतात, पण आपल्याला तसं पत्र नाही."

हेडसर हसले नाहीत. घुटमळले.

"ते एक बाहेर आहे ना… खोल समुद्रातल्या माशांचं. गहाळ दाखवू या का?"

शूबाईंनी फडकं झटकलं. "गहाळ नाही, सर. कुठं आहे ते मला माहीत आहे."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. शूबाईंची मुलगी दवाखान्यात जाताना ते सोबत घेऊन गेली होती. घरी परत आलं ते फक्त पुस्तक.

संध्याकाळी शूबाई मुलीच्या पलंगाशी बसल्या. पुस्तक उशीशेजारी होतं तसंच होतं. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला. यावरून मायलेकींची कितीदा जुंपली होती.

"ग्रंथपालाच्या पोटी जन्मून पानं दुमडतेस? शोभतं का?"

"अगं, खूण नसली तर परत कुठं येऊ मी?"

शूबाईंनी पुस्तक तिच्या मऊ ओढणीत गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. पिशवी उचलायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पुस्तक फळीवर होतं. साहेब स्वभावाने भले, पुस्तकांवर जीव असलेले गृहस्थ. फळीवरून बोट फिरवत आले आणि नेमके माशांपाशी थांबले. चाळता चाळता म्हणाले, "अरेरे. तुमच्याकडे मुलं पानं दुमडतात का हो?"

"एकच मुलगी दुमडायची."

"सांगत जा तिला." साहेबांनी अंगठ्याच्या नखाने कोपरा सरळ केला, नीट दाबला आणि पुस्तक मिटलं. "छान. सगळी आत आहेत. तुमचं अनुदान मंजूर समजा."

हेडसर साहेबांना चहाला घेऊन गेले. शिपाईकाका म्हणाले, "चला बाई, नवी पुस्तकं येणार, एक ग्रह गेला एकदाचा," आणि शूबाईंच्या चेहऱ्याकडे बघून शिडी आवरायला लागले.

शाळा सुटली. मैदानावरचा गलका फाटकाबाहेर गेला. शूबाईंनी पुस्तक खिडकीशी नेलं आणि एकेक पान उजेडावर तिरकं धरून बघायला लागल्या. शेवटी एका कोपऱ्यावर बारीक रेघ दिसली. मागच्या पानावर पुरत्या आंधळ्या माशाचं चित्र होतं. त्यांनी कोपरा पुन्हा दुमडला, अगदी त्याच रेघेवर. ग्रंथालयात ग्रंथपालबाईंनी पान दुमडलं, आणि शिपाईकाका मान वर करून बंद पंखा निरखत राहिले.

मग त्या टेबलाशी बसल्या. मुलीच्या कार्डावर ते पुस्तक पुन्हा बाहेर दिलं. उशीर करणाऱ्या वाचकांना पाठवायची छापील चिठ्ठी खणातून काढली, वर इयत्ता आणि तुकडी लिहिली, 'शाळेच्या वेळेत' हे शब्द खोडून त्यावर दोन शब्द घातले, आणि चिठ्ठी दुमडल्या पानात ठेवून पुस्तक ओढणीत गुंडाळलं.

'आपणाकडील पुस्तकाची मुदत संपली आहे. मुदतवाढ हवी असल्यास वाचकाने कोणत्याही वेळी ग्रंथालयात स्वतः हजर राहावे, ही विनंती.'