पाचवी पायरी

टेलरबाईंचा उजवा हात मोडला तो दुसऱ्याच्या घरी, पडद्यांची मापं घ्यायला गेल्या तेव्हा. बोलावलं होतं घराच्या मालकांनीच. मापं घेऊन त्या लाकडी जिन्यानं उतरत होत्या, तर पाचव्या पायरीची फळी पायाखाली कलंडली आणि बाई थेट खाली. मनगटाचा पार चुरा झाला. पुन्हा कात्री धरता येईल की नाही, हे डॉक्टरही छातीठोक सांगेनात. आणि बाईंचं पोट तर त्या कात्रीवर.

मालक बोलायला मोठे गोड. भेटायला आले, हळहळले आणि जाताना हळूच एक कागद पुढं सरकवला. पडले ती माझ्याच चुकीनं, मालकांवर काही दोष नाही, असं त्यात लिहिलेलं.

"तुमचं लक्ष नव्हतं, बाई. फळी सैल आहे हे आम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

"डाव्या हातानं मला सही येत नाही," बाई म्हणाल्या, "आणि उजवा तुमच्या जिन्यात मोडलाय."

ते गेल्यावर जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "बड्या लोकांशी वैर कशाला घेतेस? दे ना सोडून!"

"चोर तो चोर वर शिरजोर, आणि मी सोडून देऊ? जमणार नाही!"

बाईंनी दावा लावला. वकील म्हणाला, घरी बोलावलेल्या माणसाला मालकाच्या हलगर्जीपणामुळं इजा झाली तर जबाबदारी मालकाची. पण फळी सैल असल्याचं त्यांना ठाऊक होतं, हे दाखवावं लागेल. आता दाखवणार कसं? मालकांनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून फळी पक्की करून घेतली होती.

पुढं कोर्टानं नेमलेले अधिकारी जिना पाहायला आले. "बघा साहेब, कसा ठणठणीत आहे," म्हणत मालक पुढं निघाले आणि बोलता बोलता चौथ्या पायरीवरून थेट सहावीवर गेले. खाली उभ्या असलेल्या बाईंनी ते टिपलं. कुणाचा खांदा उतरतो, कोण पाय ओढत चालतो, हे बघूनच त्यांनी जन्मभर कपडे बेतले होते. मागोमाग मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन चढल्या. कप काठोकाठ भरलेले, तरी त्यांनीही तिथंच ढांग टाकली.

"साहेब," बाई कडाडल्या, "पाचवी पायरी पक्की आहे ना? मग हे दोघं ती ओलांडतात कशाला?"

"कोण ओलांडतंय?" मालक तावातावानं खाली आले. सहावीवरून चौथीवर.

"अहो, ठेवा की आता पाय तिच्यावर!" वरून मालकीणबाई वैतागल्या. "दोन वर्षं डुगडुगत होती तेव्हा ठीक होतं. आता नीट झालीय ना ती!"

मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. अधिकाऱ्यांनी पेन काढलं.

"लिहा साहेब, दोन वर्षं," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं स्वतःचे पाय बरोबर जपले यांनी. मला घरी बोलावलंत ना? मग 'जपून उतरा' म्हणायला तुमचं काय जात होतं?"