पाजणीचं चित्र

गुंडूशेटच्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवताच केदारीला आतून भरमूचा आवाज ऐकू आला.

"ह्यो शामू. कुंचा कसा धरलाय बघा, तान्हं लेकरू धरल्यागत. आन् ह्यो पटकेवाला हाय न्हवं, त्यो मी. माझं नाक एवढं मोटं न्हाय, पर ऱ्हाऊ दे."

भरमू भिंतीवरच्या चित्रावर बोट फिरवत एकेकाची ओळख करून देत होता. यात नवल काहीच नव्हतं. शहापुरातून खडेबाजारात आलेला प्रत्येक विणकर गुंडूशेटच्या दुकानात डोकावून हेच करायचा. नवल होतं ते ऐकणाऱ्याचं. भरमूच्या शेजारी लेकीसाठी घेतलेलं लुगडं काखेत धरून एक हवालदार उभा होता.

"इवा यार?" हवालदारानं कानडीत पुढच्या माणसाबद्दल विचारलं.

भरमूचं बोट पुढं सरकलं. "ह्यो? ह्यो आमच्या नागुबाईचा..."

केदारीनं खांद्यावरचं लुगड्यांचं गाठोडं तसंच सोडून दिलं. गाठ सुटली, घड्या मोडून लुगडी दुकानभर पसरली आणि गुंडूशेट गादीवरून ओरडत उठला.

"अरं भरमू, बघत काय ऱ्हायलास? उचलू लाग की," केदारी म्हणाला. वाकून लुगडी गोळा करताना त्यानं भरमूकडे असं पाहिलं की भरमूचं तोंड आपोआप मिटलं. मग त्याच्याही ध्यानात आलं आणि तो पांढराफटक पडला.

हवालदाराला यातलं काही कळलं नाही. तो हसला. चित्र केदारीनंच काढलंय हे गुंडूशेटकडून कळल्यावर तर तो खूशच झाला. "आमच्या फौजदारसायबांस्नी चित्रांचा लई नाद हाय. उद्या घेऊन येतो त्यांस्नी," असं म्हणून तो निघून गेला.

केदारी लुगड्यांच्या ढिगात बसूनच राहिला. 

साल बेचाळीस. खानापूरच्या बाजूला तारा तोडल्या गेल्या होत्या आणि त्या तोडणाऱ्यांत गल्लीतल्या नागुबाईचा मुलगा यल्लाप्पा होता. पोलिसांकडे त्याचं नाव होतं, चेहरा नव्हता. शहापूर सांगली संस्थानात असल्यामुळे इंग्रजी हद्दीतले पोलीस परवानगी काढून गल्लीत आले, दारोदार फिरले, पण यल्लाप्पा कसा दिसतो हे कुणालाच सांगता येईना. उंच, असं एकानं सांगितलं. बुटका, असं दुसऱ्यानं. त्याचा फोटो कधी निघालाच नव्हता. विणकराच्या पोराचा फोटो कोण काढतो? त्याचा चेहरा जगात एकाच ठिकाणी होता, भर बाजारात, गुंडूशेटच्या भिंतीवर, आणि तो केदारीनंच रंगवला होता.

चित्राचा नाद केदारीला लागला तो एका नाटक कंपनीमुळे. तिचे पडदे रंगवणारा पेंटर एक हंगाम शहापुरात उतरला होता. त्याचे डबे धुता धुता केदारीनं जवसाच्या तेलात रंग कसा घोटायचा ते पाहून ठेवलं. कंपनी गेली, नाद राहिला. कापड तो स्वतःच्याच मागावर जाडंभरडं विणायचा आणि ताण्याला लावतात तीच खळ त्याला लावून चौकटीवर ताणायचा. गल्लीतले हसायचे. बायको अंजनी हसायची नाही, कारण तेलाच्या वासानं तिचं डोकं उठायचं.

पाजणीचं चित्र मात्र गल्लीला पटलं. ताणा मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते. सकाळच्या गारव्यात गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणायचं आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी उभं राहून कुंच्यांनी खळ बसवायची. हे एका घराचं काम नव्हे. आज तुझ्या दारात, उद्या माझ्या दारात, असं सगळ्यांनी मिळून करायचं. केदारीनं तेच रंगवलं आणि त्यात खरी माणसं उभी केली. अमावास्येला माग बंद असतात, म्हणून दर अमावास्येला एकेकाला समोर बसवून त्याचा चेहरा काढला. यल्लाप्पाला बसवणं सगळ्यात अवघड गेलं. मान हलवायचा, हसायचा, "अण्णा, सुंदर काढ, हेच बघून पोरगी ठरणार हाय," म्हणायचा. त्याला गप्प करता करता त्याचाच चेहरा सगळ्यांत जिवंत उतरला.

चित्र पुरं झाल्यावर केदारीनं ते घरात उलटं करून ठेवलं होतं. कुणी पाहील, हसेल, याची त्याला लाज वाटायची. गुंडूशेटनंच मागून नेलं. पहिल्या दिवशी लोक दुकानात शिरून आपापली तोंडं शोधू लागले तेव्हा केदारी समोरच्या पानपट्टीआड उभा राहून पाहत होता. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. आपण केलेलं कुणी तरी बघावं, बोट लावून दाखवावं, हे सुख त्याला उशिरा कळलं. आणि आता तेच बोट गळफास होऊन बसलं होतं.

"शेट, चित्र आजच्या दिवस घरी नेतो," तो कसाबसा म्हणाला.

"खुळा का काय? उद्या सायब येनार, आन् आज भिंत रिकामी करू?"

"मग हितंच जरा रंग लावतो. एका जागी उघडं दिसतंय."

"लाव बापडा," गुंडूशेट म्हणाला.

केदारी शहापूरपर्यंत जवळजवळ पळतच गेला. अंजनीनं दारातच अडवलं. "काय झालं वो? तोंड असं का झालंय?"

"रंगाचा डबा दे."

"आत्ता? दिवसाढवळ्या काम टाकून?"

"दे म्हनतो न्हवं."

तिनं डबा काढून दिला.

दुकानात गिऱ्हाईक होतं. दोन बायका काठ निवडत होत्या, एक म्हातारा उगाच बसला होता. त्या सगळ्यांसमोर केदारी स्टुलावर चढला. यल्लाप्पा त्याच्याकडे पाहत होता. ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू तसंच होतं. वर बांबूवर वाळत घातलेल्या सुताच्या निळ्या लडी चित्रात आधीपासून होत्या. केदारीनं त्यांतलीच एक लड खाली ओढली. आधी हनुवटी गेली, मग ओठ. घाईत रंग शेजारच्या भरमूच्या पटक्याला लागला. डोळ्यांपाशी तो अडला. एका जित्या माणसाचे डोळे आपण मिटवतोय असं त्याला वाटलं. पण रस्त्यावर बुटांचा आवाज झाला. कुणाचे बूट ते त्यानं पाहिलंही नाही. एका फटकाऱ्यात डोळे झाकून तो खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी फौजदार खरंच आले आणि हवालदाराला पायरीवर थांबवून आत शिरले. तरुण, नीटनेटके, बोलायला मऊ. केदारी आणि भरमू दोघंही दुकानात होते. घरी बसून वाट बघण्याची हिंमत दोघांतही नव्हती.

फौजदारांनी चित्र लांबून पाहिलं, मग जवळून. "फार छान. कुणाकडे शिकलात?"

"कुनाकडं न्हाय, सायेब. असंच."

"याचं तोंड का झाकलंत?"

केदारी घाईनं म्हणाला, "पाजणीच्या वक्ताला असंच दिसतंय, सायेब. सूत मधी येतंय."

"बाकी कुणाच्या मध्ये नाही आलं," असं म्हणत फौजदारांनी सहज त्या लडीला बोट लावलं. बोट निळं झालं. तेलाचा रंग एका रात्रीत वाळत नाही, हे केदारीला ठाऊक होतं. भीतीपायी त्याला त्याचाच विसर पडला होता. फौजदार बोटाकडे पाहत राहिले. "ओलं आहे. कालच लावलंत?"

केदारीनं त्यांच्या खिशाकडे पाहिलं. आता हे रुमाल काढतील, पुसतील, आणि खालून तो हसरा चेहरा वर येईल. पोराला धरतील, मारतील. मग मला धरतील. नाही, आधी मलाच धरतील. अंजनीचं काय होईल? माग कोण चालवील? हे सगळं एका श्वासात त्याच्या डोक्यातून गेलं.

"सायेब, माझ्या नाकावरबी एक लड टाक म्हनलं व्हतं," भरमू मध्येच म्हणाला. "बघा की कसलं वांगं काढलंय. पर ह्यो माझं ऐकतच न्हाय."

फौजदारांनी भरमूच्या नाकाकडे पाहिलं, चित्रातल्या नाकाकडे पाहिलं आणि ते हसले. पायरीवरचा हवालदार हसला. गुंडूशेटही हसला. फौजदारांनी बोट रुमालाला पुसलं, चित्राची आणखी थोडी तारीफ केली आणि गेले.

धोका टळला, पण केदारीची भीती काही गेली नाही. चित्र त्यानं गुंडूशेटकडून मागून आणलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवलं. गल्लीत अनोळखी माणूस दिसला की त्याचा धोटा अर्ध्यावर थांबायचा. रंगाच्या डब्याला त्यानं हात लावला नाही. आपण यल्लाप्पाला वाचवलं, असं तो स्वतःला समजावत राहिला.

दिवाळी होऊन गेल्यावर गुंजीहून मष्णू नावाचा एक शेतकरी नागुबाईच्या दारात आला. यल्लाप्पा त्याच्या शेतातल्या खोपीत लपून होता. हिवताप झाला. दवाखान्यात नेलं तर धरतील, म्हणून तो जायला तयार होईना. त्यातच गेला. पोलिसांपर्यंत बोभाटा नको म्हणून मष्णूनं दोघांना हाताशी घेऊन रानातच अग्नी दिला. एवढं सांगून तो रडला आणि पाणी न पिताच परत गेला.

दिवस-कार्य झाल्यावर नागुबाई केदारीकडे आली. भिंतीला टेकून बसली.

"केदारी, तुझ्या चित्रात माझा यल्लाप्पा हाय म्हनं. भरमू सांगत हुता. एकदा दाव."

"तू बघितलं न्हाईस आक्का? एवढे दिस बाजारात व्हतं."

"पोरगं घरात हिंडतंय, जेवतंय, त्येला चित्रात काय बघायचं, म्हनले."

केदारीनं चित्र वळवलं. ती पुढं सरकून बघू लागली. शामू, भरमू, आणि मग निळं सूत.

"कुठं हाय?"

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. "वरचं पुसता ईल का?"

"आता वाळलंय, आक्का. खरवडाय गेलो तर खालचंबी निघून ईल."

"मग दुसरं काढ."

त्यानं अंजनीकडून डबा मागून घेतला आणि कापडाच्या तुकड्यावर काढू लागला. कपाळ काढलं, भुवया काढल्या. पुढं येईना. जन्मभर त्यानं समोर नमुना ठेवूनच काठ विणले होते, आणि चेहरेही तसेच काढले होते. जुन्या काठाचा तुकडा विणकर नमुना म्हणून जपतो, कधी फेकत नाही. तो गेला तर काठही गेला, हे नागुबाईलाही ठाऊक होतं. तरी ती बघत बसली. केदारीनं पुसलं, पुन्हा काढलं. नाक भरमूचं आलं, हनुवटी कुणाचीच नाही.

"ह्यो माझा न्हवं," ती हळूच म्हणाली.

केदारीनं कुंचला खाली ठेवला. त्याला हुंदका आवरेना. "मी भ्यालो, आक्का. त्येला धरतील म्हनून भ्यालो. पर खरं सांगू? पयलं माझ्यासाठीच भ्यालो."

नागुबाईनं तो अर्धवट तुकडा बाजूला सारला. मग म्हणाली, "पोलीस आलते तवा मला इचारलं, ल्योक कुठाय. मी म्हनले, मला ल्योकच न्हाय. रांडमुंड बाई हाय, कुनी न्हाय मला. त्यो मागच्या दारात उभा ऱ्हाऊन ऐकत व्हता."

दारात उभ्या असलेल्या अंजनीनं पदर तोंडाला लावला.

नागुबाई पुन्हा चित्राकडे वळली. सुताच्या लडीवरून तिची नजर हळूहळू खाली उतरली. छातीवरून दंडावर, दंडावरून मनगटावर. केदारीनं घाईत चेहराच तेवढा झाकला होता. कुंचा धरलेला हात तसाच होता. बोटांवर खळ वाळून पांढरी झाली होती आणि अंगठा कुंच्याच्या दांड्याबाहेर जरा जास्तच आला होता.

"असंच धरायचा," ती म्हणाली. "त्येचा बा लई वरडायचा. अंगठा आत घे म्हनायचा. घेतला न्हाय कधी."

केदारीनं चित्र तिच्या आणखी जवळ सरकवलं.

"हात लावला तर चालंल?" तिनं विचारलं.

"चालंल, आक्का."

तिनं आपला तळवा लुगड्याला पुसला आणि त्या हातावर ठेवला. अंजनी आत गेली आणि तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. चहा होऊन गार झाला तरी नागुबाई तशीच बसली होती.