दिव्याचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. घाबरू नका, हे माझे खोक्यावरचे नाव. घरात सगळे मला ‘बीपीचं मशीन’ म्हणतात, आणि चिडले की ‘मेलं हे मशीन’ म्हणतात. एक राखाडी डबी, तिला जोडलेली नळी आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, एवढाच माझा संसार. आणि हो, मी हेवेखोर आहे. लपवून काय करायचे?

कारखान्यात एका टोपीवाल्या मुलीने मला स्वतःच्या दंडाला बांधून पाहिले आणि “एकदम बरोबर” असे म्हणाली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. पुढे बरेच दिवस दुकानाच्या काचेआड काढल्यावर मी बाबांच्या घरी आलो. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. एकदा शिडीवर त्यांना चक्कर आली, म्हणून मला विकत घेतले. तेव्हा माझा काय थाट होता! खालच्या मजल्यावरचा शिंपीही हात पुढे करून बसायचा. आई मला मऊ फडक्याने पुसून खणात ठेवायची.

मग घरात तो दिवा आला.

आई रोज सकाळी खिडकीजवळच्या कोपऱ्यात प्रार्थनेला बसते. पण पलंगाखाली रंगाचे डबे, दाराशी टर्पेंटाइनच्या बाटल्या. त्या घरात काडी ओढायची कुणाची छाती होणार? म्हणून चिमणीने सेलवर चालणारा दिवा आणला. चिमणी म्हणजे या घरची मुलगी. चांगली नोकरी करते, पण बाबांना ती अजून चिमणीच वाटते. दिवा कसला, बोटाएवढा लाल बल्ब तो! पण त्याला लागायचे नेमके माझेच सेल. तो मंदावला, की आई माझ्या पाठीचे झाकण उघडायची आणि माझे सेल काढून त्याला घालायची.

“अगं, माझं बीपी कशावर बघायचं?” बाबा विचारायचे.

“उद्या आणू की. देवाला काळोखात बसवू का?”

तो उद्या लवकर यायचा नाही. मी खणात उपाशी, आणि हे महाराज समोर लुकलुकताहेत! अंगाची आग व्हायची माझी. तो कधी एक आकडा सांगत नाही, तरी त्याच्यासमोर सगळ्यांचे हात जोडलेले. मी खरा आकडा सांगितला, तर मलाच चापट. बाबांचे बीपी उतरले की आभार त्याचे, चढले की दोष माझा. तुम्हीच सांगा, कोण जळणार नाही?

अशाच एका सकाळी आईची प्रार्थना संपली, रेडिओवर बातम्या सुरू झाल्या. बाबांनी “आज पाऊण पाटी उरली आहे, दुपारी येतो” असे सांगितले आणि चहाचा कप उचलला. थोड्याच वेळात तो कप त्यांच्या सदऱ्यावर कलंडला. त्यांचे तोंड एका बाजूला ओघळले होते. ते काही बोलत होते, पण एकही शब्द कळत नव्हता. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. पाट्या रंगवायचा हात.

“अहो! अहो, काय होतंय?” आई ओरडली.

चिमणीने खण ओढून मला काढले, बटण दाबले. माझे पोट रिकामे. “आई, सेल कुठेत?”

आईने दिव्याकडे पाहिले. “अशा वेळी तो कसा विझवू गं?”

विझव, विझव, मी मनात ओरडत होतो. खरे सांगतो, त्या क्षणी मला बाबांपेक्षा दिव्याचीच पडली होती. आई उठली. “रागावू नकोस रे,” असे त्या कोपऱ्याला म्हणाली आणि तिने स्वतः सेल काढून आणले. दिवा विझला. मी जिंकलो! ऐटीत हवा भरली आणि भला मोठा आकडा दाखवला.

तो पाहून चिमणीने बीपीची गोळी काढली आणि बाबांच्या ओठांशी नेली. दुसऱ्या हातात फोन होता, रुग्णवाहिकेच्या बाईंना ती माझा आकडा सांगत होती. त्या बाई एकदम म्हणाल्या, “तोंडात काही देऊ नका! पाणीसुद्धा नको. आकडा राहू द्या. ते शेवटचे नीट कधी बोलले, तेवढं सांगा.”

“बातम्या लागल्या तेव्हा,” आई म्हणाली. “मी प्रार्थनेवरून उठले, अन् ते पाटीचं बोलले. चांगले बोलले.”

दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच विचारले. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचे औषध ठरावीक वेळेतच देता येते, असे ते म्हणाले. वेळ हातात होता. माझा आकडा कुणी विचारला नाही. तिथे भिंतीवर माझे चकचकीत भाऊबंद लटकत होते. त्यांचाही मला हेवा वाटला.

चिमणीने घाईत मला पिशवीत कोंबले होते. बाकावर बसल्यावर आईने रुमालासाठी पिशवीत हात घातला आणि हाताला लागलो मी. तिने मला बाहेर काढले, दोन्ही तळव्यांत धरले आणि डोळे मिटले. “वाचव त्यांना,” ती पुटपुटली.

इतकी वर्षे मला हेच हवे होते. आणि आता काय करावे, ते मला कळेना. तिचा अंगठा बटणावर दाबला गेला. मी हवा भरली. पट्टा रिकामा होता, मी पडद्यावर आकड्याऐवजी ‘चूक’ अशी खूण दाखवली. दुसरे काय दाखवणार?

चिमणी देव मानत नाही. ती सरकून आईजवळ बसली आणि तिच्या हातांवर हात ठेवला. “काय म्हणायचं असतं गं?”

“काही नाही. बस नुसती.”

दोघी तशाच बसल्या. मी मध्ये. फार जड होते ते. त्या बल्बाला हे रोज पेलावे लागते, हे मला ठाऊकच नव्हते.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. “बोटं हलवताहेत. वेळ लागेल, पण धोका टळलाय.” आई मला बाकावर टाकून आत धावली. मला मुळीच राग आला नाही.

बाबा आता घरी आहेत. त्यांची अक्षरे अजून वाकडी येतात, त्यावर ते स्वतःच हसतात. आणि दिव्याचा हेवा मला अजून वाटतो, थोडासा.

मित्रांनो, मला नीट ठेवा, रोज वापरा, चढलेल्या आकड्यासाठी चापट मारू नका. पण घरात कुणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर माझ्यासाठी खण उघडू नका. घड्याळ बघा आणि आधी फोन करा. मी मागून येईन.