नैवेद्यातली गोळी

पारगावच्या बायकांचा हरिपाठ उभा राहायचा सारजाबाईंच्या गळ्यावर. पहिली ओळ त्यांनी काढायची, मग बाकीच्यांनी टाळ धरायचा. पण त्या साली दिवाळीच्या आधीच गळा घोगरा झाला, अंग जड पडलं, भरदुपारी शाल सुटेना. मंचरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉईड कमी पडतंय. रोज सकाळी एक गोळी घ्या.

तीन महिने गोळी घेतली. गळा काही उघडेना.

जावई कुशाबा येडगावाहून शक्तीच्या पावडरीचे डबे आणून देई. "मामी, ती गोळी म्हंजे जल्माची बेडी. निस्ती पावडर घ्या. आमच्या कंपनीच्या सभेत एक बाई उभं राहून बोलली, तिचा थायरॉईड पळाला."

"पळून इकडंच आला असंल, पावणं," पेपरातून मान वर न काढता सारजाबाईंचे यजमान सोपानराव म्हणाले.

गावचा हरिनाम सप्ताह दोन महिन्यांवर आला होता. हरिपाठात शेजारी उभ्या राहणाऱ्या झुंबरबाईंनी मायेनंच सुचवलं, "यंदा पयली ओळ मी काढते. तू मागनं ओढ." ते मात्र सारजाबाईंच्या काळजाला लागलं. गोळीचा काही उपयोग नाही, आता पावडरच घेते, असं सांगायला त्या मंचरला गेल्या.

"गोळी घेता कशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"देवाला दाखवून."

माळकरी घर ते. देवाच्या आधी तोंडात काही घालायचं नाही. पूजा झाली की वाटीभर दूध, त्यात जावयाची कॅल्शियम-लोहाची पावडर, वर ती गोळी. नैवेद्य दाखवून सगळं एकदम प्यायचं.

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरलं. "सारजाबाई, गोळी देवाला पोचली, तुमच्या रक्तात नाही पोचली. दूध आणि पावडर तिला पोटातच अडवतात."

"मग गोळी सोडून निस्ती पावडर घेतली तर?"

"अंगात जे बनत नाही ते पावडरीनं भरत नाही. गोळीच लागते. बहुतेक जन्मभर."

सारजाबाईंनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"हरिपाठ किती वर्षं म्हणता?"

"सासरी आल्यापासनं. रोज."

"कंटाळा नाही आला?"

"नामाचा कसला वो कंटाळा."

"मग गोळीचाही नका करू. उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. चहा तासाभरानं. पावडर घ्यायचीच असेल तर दुपारी."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सारजाबाईंनी विठोबापुढं तांब्याभर पाणी आणि गोळी ठेवली. "पांडुरंगा, आजपासनं पाण्याचाच नैवेद्य. तुला चालंल, मला म्हाईत हाय." कुशाबा आला तेव्हा त्याला जेवू घातलं आणि हात जोडून म्हणाल्या, "पावणं, तुमी या, डबा नका आणू."

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं, तर थायरॉईड कमी पडला की चढणारा टीएसएचचा आकडा निम्म्यावर उतरलेला. शाल खुंटीवर गेली.

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी बायका ओळीनं उभ्या राहिल्या. झुंबरबाईंनी सारजाबाईंकडं पाहिलं. "काढतेस, का काढू?"

सारजाबाईंनी पट्टी जरा खालची धरली. आवाज अजून खरखरीत होता, पहिल्या अक्षराला अडखळलाही. पण ओळ पुरी झाली, अन् मागच्या चाळीस बायकांनी ती उचलून धरली.